गेल्या वर्षी किती वेळा परत फिरलात?

आषाढ लागल्यापासून या सदरासाठी आलेल्या पत्रांचा गठ्ठा समोर आहे. निम्म्याहून जास्त पत्रं मुलांच्या ट्रेकबद्दल आणि दिवाळीच्या सुट्टीतल्या शिबिरांबद्दल आहेत, म्हणून या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवले. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की 1994 पासून मी नाशिकच्या आसपासच्या डोंगरांत मुलांना घेऊन जाते. नोकरी बँकेत, डोंगर रविवारी. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि कुणाचंही नाव छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, माझी मुलगी आठवीत आहे, 13 वर्षांची. दिवाळीच्या सुट्टीत इगतपुरीजवळ 5 दिवसांचं साहस शिबिर आहे. तिच्या तीन मैत्रिणी जाणार आहेत. माहितीपत्रक फार देखणं आहे. रॅपलिंग म्हणजे दोरावरून कडा उतरणं, रात्रीचा ट्रेक, तंबूत मुक्काम, सगळं आहे. हिचे बाबा नको म्हणतात, सासूबाई तर ऐकूनच घाबरल्या. मला तिला पाठवायचंय, पण आयोजकांना नेमकं काय विचारायचं ते कळत नाही. तिची पाळी सुरू होऊन सहाच महिने झालेत, त्याचीही काळजी वाटते. – एक आई, इंदिरानगर

उत्तर : माहितीपत्रक कपाटात ठेवा आणि आयोजकांना जाऊन भेटा. फोनवर भागवू नका. बसल्यावर पहिला प्रश्न हा विचारा : गेल्या वर्षी किती वेळा मुलांना अर्ध्या वाटेवरून परत आणलंत?

या प्रश्नाला मी फार वर्षं धरून आहे. आपल्या डोंगरांत वर्षभर मुलांना नेणाऱ्या माणसावर परत फिरायची वेळ एकदा तरी येतेच. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा सुरू होतात, कुणाला ताप भरतो, कड्यावर आग्या माश्यांचं मोहोळ दिसतं. जो माणूस सांगेल की तिसऱ्या दिवशी ढग गडगडायला लागले म्हणून सगळ्यांना डोंगराच्या धारेवरून खाली आणलं, मुलं रुसली, संध्याकाळी मग शाळेच्या पडवीत खेळ घेतले, त्याच्या हाती मुलगी द्यायला हरकत नाही. जो अभिमानाने म्हणेल की आमचा एकही कार्यक्रम आजवर रद्द झालेला नाही, त्याच्याकडून चहा घ्या आणि घरी या.

दुसरं, दोराबद्दल विचारा. रॅपलिंगला वरती कोण असणार, त्याने काय शिक्षण घेतलंय? उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था 1965 पासून आहे, दार्जिलिंगची त्याहून जुनी, 1954 ची. तिथला बेसिक कोर्स केला असं बरेच जण सांगतात, आणि ते चांगलंच आहे. पण बेसिक कोर्समध्ये माणूस स्वतः चढायला शिकतो. दुसऱ्याला शिकवायचं कसं याचा वेगळा कोर्स असतो, त्याला मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणतात. निदान मुख्य प्रशिक्षकाने तो केलाय का ते विचारा. मूल ज्या दोरावरून उतरतं त्याशिवाय दुसरा सुरक्षा दोर, म्हणजे बिले, लावता का आणि तो कोण धरतं, हेही विचारा. मुलांच्या मापाची हेल्मेट आहेत का ते डोळ्यांनी बघा. मोठ्यांचं हेल्मेट 13 वर्षांच्या डोक्यावर मागे सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. राज्य सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणीचा कागद मागा. मागितल्याचा राग आला तर तेही एक उत्तरच समजा.

तिसरं मुलींचं. शिबिरात मुली किती आणि ताई, म्हणजे बाई प्रशिक्षक, किती? रात्री मुलींच्या तंबूंशेजारी कोण झोपतं? कुठलाही मोठा माणूस, दादा असो की ताई, एका मुलाला किंवा मुलीला एकटं घेऊन कुठे जात नाही, असा नियम त्यांच्याकडे आहे का? आमच्याकडे हा नियम लिहिलेला आहे आणि त्यात माझ्यासारख्या जुन्यांनाही सूट नाही. शौचाची सोय काय, वापरलेले पॅड टाकायची सोय काय, हे सरळ शब्दांत विचारा. समोरचा माणूस चाचरला तर ताईला बोलवायला सांगा. शिबिरात एकही ताई नसेल तर पुढचं विचारायची गरज नाही. मुलीला मात्र सांगून ठेवा की पाळी आली तर लपवायचं नाही, पॅडचा पुडा आणि जुनी वर्तमानपत्रं बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवायची, आणि ताईच्या कानात एक शब्द टाकायचा. पाळीत डोंगर चढता येतो. पोट फारच दुखत असेल तर त्या दिवशी तळावर थांबायचं, त्यात कमीपणा काही नाही.

आता माझ्या एका चुकीबद्दल लिहिते, कारण ती चूक एका मुलीच्या आईच्या आणि माझ्या मध्ये घडली होती. 1996 मध्ये आम्ही रामशेज किल्ल्यावर गेलो. आशेवाडीतून वर जाणारी सोपी वाट, हिवाळ्याची सकाळ, सगळं हौसेचं. पाचवीतली एक मुलगी पायऱ्यांच्या खाली बसली आणि तिला श्वास घेता येईना. ओठ निळसर पडले. दमा होता. पंप घरी होता, कारण तिच्या आईला वाटलं डोंगरातल्या हवेने बरंच वाटेल, आणि आम्ही विचारलंच नव्हतं. आमच्या फॉर्मवर नाव, इयत्ता, पत्ता आणि रक्तगट एवढंच होतं. तिला सरळ बसवून, कपडे सैल करून, दोघांनी हातांच्या खुर्चीवर खाली आणलं आणि गावातल्या एका जीपने दवाखान्यात पोचवलं. ती बरी झाली. त्या आठवड्यात मी फॉर्म बदलला : दमा, फिट, ॲलर्जी, चालू असलेली औषधं, झोपेत चालणं, अंथरूण ओलं करणं, उंचीची भीती. तुम्हाला असा फॉर्म दिला नाही तर तुम्हीच कागदावर लिहून द्या आणि पोचल्याची सही घ्या. पंप असेल तर तो मुलीच्या खिशात. बॅगेत ठेवलेला पंप वेळेला सापडत नाही.

जवळचं रुग्णालय कोणतं आणि रात्री शिबिरावर गाडी उभी असते का, हेही विचारायचं. इगतपुरी भागात रस्ता जवळ असतो, पण गाडी नसेल तर रस्त्याचा काय उपयोग? साप चावला तर चिरा द्यायचा नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलू द्यायचा नाही आणि थेट रुग्णालय गाठायचं, हे तिथल्या दादा-ताईंना पाठ असायला हवं. आणि बॅगेत अत्तर, डिओ देऊ नका. उग्र वासाने आग्या माश्या चवताळतात.

मुलीच्या बाबांना बरोबर घेऊन जा. त्यांचं नको म्हणणं बहुधा माहिती नसल्यामुळे आहे. समोरच्याला हे प्रश्न त्यांनी स्वतः विचारले की त्यांना होकार किंवा नकार, काही तरी पक्कं सापडेल. सासूबाईंना पहिल्या रात्रीचा एक फोन कबूल करा.

प्रश्न : ताई, मी 24 वर्षांचा आहे. अंबडला एका कारखान्यात सीएनसी मशीनवर काम करतो. तीन वर्षांपासून एका मंडळाबरोबर रविवारी मुलांचे ट्रेक घेतो, मानधन नाही. जुलैत 28 मुलं घेऊन अंजनेरीला गेलो. आम्ही तिघं होतो. पठारावर धुकं इतकं की दहा पावलांवरचं दिसेना. वाट चुकू नये म्हणून मी आणि दुसरा दादा पुढे राहिलो, तिसरा मध्ये. अंजनीमातेच्या देवळाशी मोजले तर 27. सहावीतला एक मुलगा बुटाची नाडी बांधायला थांबला होता. उठेपर्यंत पुढचे दिसेनासे झाले आणि तो ढोरवाटेला लागला. 40 मिनिटांनी सापडला. गुरं राखणारी एक आजी त्याला इरल्याखाली घेऊन बसली होती. त्याला काही झालं नव्हतं. आम्ही पालकांना काही बोललो नाही. आता दोन महिने झाले. मशीनवर उभा असतो आणि मध्येच 27 हा आकडा डोक्यात येतो. हे काम सोडून द्यावं का? – एक वाचक, सिडको

उत्तर : तुला अरे-तुरे करते, तू माझ्या मुलाच्या वयाचा आहेस.

सोडायचं की नाही ते नंतर. आधी त्या मुलाच्या घरी जा. येत्या रविवारीच जा, दुसऱ्या दादालाही बरोबर ने. मुलाच्या आईवडिलांसमोर बसून जसं घडलं तसं सांग, 40 मिनिटं हा आकडाही सांग. ते रागावतील. कदाचित मुलाला पुन्हा पाठवणार नाहीत, तो त्यांचा हक्क आहे. पण आपलं मूल 40 मिनिटं धुक्यात एकटं होतं हे त्यांना माहीत असायला हवं. त्या मुलालाही कळायला हवं की चूक त्याच्या नाडीची नव्हती. 11–12 वर्षांचं मूल असं काही झालं की स्वतःला दोष देतं आणि घरी अवाक्षर काढत नाही. त्याला तू सांगायचं की थांबलास त्यात काही चुकलं नाही, आम्ही मागे कुणी ठेवलं नव्हतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोघं पुढे, एक मध्ये. मागे कोण होतं हे त्यात नाही, म्हणजे मागे कोणीच नव्हतं. धुक्यात वाट शोधायची म्हणून अनुभवी माणसं पुढे जातात, ही फार जुनी आणि फार सहज होणारी चूक आहे. वाट पुढे असते, पण मुलं मागे हरवतात. सगळ्यांत अनुभवी माणूस शेवटी हवा. त्याच्या मागे एकही मूल राहता कामा नये, मग ते नाडीसाठी थांबो, लघवीला जावो की फुलाचा फोटो काढत बसो. अंजनेरीच्या पठारावर तर थांबावंसं वाटतंच. कंदीलपुष्पाची एक जात शास्त्रात त्या डोंगराच्या नावानेच ओळखली जाते, आणि धुकं विरलं की कड्याला गिधाडं दिसतात. चांगलं मूल तिथे थांबणारच.

मोजण्याचंही लिहिते. तुम्ही देवळाशी मोजलं, म्हणजे पोचल्यावर. मोजायचं निघताना. प्रत्येक विश्रांतीनंतर पहिलं पाऊल टाकायच्या आधी, प्रत्येक फाट्यावर, टाक्यापाशी, गुहेतून बाहेर आल्यावर. आमच्याकडे मुलं क्रमांक पुकारतात आणि शिवाय जोड्या असतात, आपला जोडीदार दिसत नाही असं कोणीही ओरडलं की सगळी रांग उभी. वाटेला फाटा असला की तिथे एक दादा उभा करायचा आणि शेवटचा माणूस आल्याशिवाय त्याने जागा सोडायची नाही. पठारावर गुरांनी पाडलेल्या वाटा माणसांच्या वाटांपेक्षा ठळक असतात, मुलाला त्याच खऱ्या वाटतात.

आणि मुलांना निघण्यापूर्वी, खाली गावातच, हे करून दाखवायचं : आपण चुकलो असं वाटलं की जिथे आहोत तिथेच बसायचं. शिट्टी तीनदा वाजवायची, थांबून ऐकायचं, पुन्हा तीनदा. ओढ्याच्या कडेने खाली उतरायचं नाही. सह्याद्रीतला ओढा सरळ गावात जात नाही, मध्ये कडा असतो आणि ओढा तिथे धबधबा होतो. 10 रुपयांची शिट्टी प्रत्येक गळ्यात हवी. तुमच्याकडे होत्या का?

तुझ्या पत्रात आणखी एक गोष्ट आहे, ती तुझ्या लक्षात आली नसावी. दहा पावलांवरचं दिसत नव्हतं, तीन मोठी माणसं होती, 28 मुलं होती. माझा हिशेब 8 मुलांमागे एक मोठा माणूस असा आहे, म्हणजे तिघांना 24. तेव्हा पठारावर पाय ठेवायच्या आधीच परत फिरायला हवं होतं. मला माहीत आहे ते किती अवघड असतं. मुलं पहाटे उठून आलेली असतात, सीबीएस बसस्थानकावरून एसटीने येताना गाणी म्हटलेली असतात, देऊळ आता आलंच असं सगळ्यांना वाटत असतं.

2003 च्या जुलैमध्ये मी नववीच्या 19 मुलांना घेऊन हरिहर किल्ल्यावर गेले. निरगुडपाड्यावरून धारेपर्यंत आलो. त्या कातळातल्या पायऱ्या तू पाहिल्या असशीलच. जवळजवळ उभ्या, एका वेळी एकाच माणसाला जाता येईल एवढ्या रुंद, दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या. वारा असा होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं, खोबण्यांतून पाणी वाहत होतं. मी पहिल्या पायरीपाशी उभी राहिले आणि म्हटलं, चला, खाली. दोन मुली रडल्या. एक मुलगा मला भित्री म्हणाला, हळू म्हणाला, पण मी ऐकलं. नंतर एका पालकांनी बसभाड्याचे पैसे परत मागितले आणि आम्ही ते दिले. त्या 19 पैकी दोघं पुन्हा कधी आमच्याबरोबर आले नाहीत. आणि आम्ही गावात पोचून डबे उघडले तेव्हा लख्ख ऊन पडलं होतं. वर गेलो असतो तर काहीही झालं नसतं, असंही असू शकेल.

परत फिरण्याचं हे असंच असतं. बरोबर केलंस असं सांगणारा पुरावा तुला कधीच मिळत नाही. वर पोचलं की फोटो मिळतो, परत फिरलं की रुसलेली तोंडं मिळतात. बिनपगारी काम करणाऱ्या माणसाला तर मुलांच्या तोंडावरचा आनंद हाच पगार असतो, तोच त्या दिवशी बुडतो. हे सोसण्याची तयारी असेल तर तू या कामात राहा.

मला वाटतं तू राहावंस, कारण 27 हा आकडा तुला आठवतो. पण वर्षभर पुढे चालू नकोस. शेवटी चाल. पाठीवर प्रथमोपचाराची पिशवी, जास्तीचं पाणी, एक जादा नाडी, गळ्यात शिट्टी. प्रथमोपचाराचा रीतसर वर्ग कर, मंडळाला त्याचे पैसे भरायला सांग. आणि त्या आजीला भेटून ये. अंजनेरी गावात विचारलंस तर कुणाची गुरं त्या अंगाला असतात ते कळेल. पातळ किंवा घोंगडी घेऊन जा, रिकाम्या हाताने जाऊ नकोस.

प्रश्न : नववीतल्या मुलाला ट्रेकिंगचे 5 हजारांचे बूट घ्यावेत का? – पालक, गंगापूर रोड

उत्तर : नको, त्याचा पाय वर्षभरात वाढेल. तळव्याला खोल नक्षी असलेले, घोट्यापाशी घट्ट बसणारे साधे बूट घ्या. झिजलेल्या तळव्याचे शाळेचे कॅनव्हास शूज शेवाळलेल्या कातळावर मुळीच चालत नाहीत. उतरताना अंगठा पुढे आपटू नये एवढी जागा पुढे हवी. ट्रेकच्या आधी दोन आठवडे ते बूट शाळेत घालून पायाला रुळू द्या, आणि नखं कापायला लावा. जीन्स घालून पाठवू नका, भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. पैसे वाचले त्यातून बॅटरी घ्या, डोक्याला बांधायची.

प्रश्न : मी 61 वर्षांचा, नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालो. तरुणपणी खूप डोंगर फिरलो. मुलांबरोबर जावंसं वाटतं, पण गुडघे उतार मानत नाहीत. माझा काही उपयोग आहे का? – वाचक, नाशिकरोड

उत्तर : आहे, आणि तुमच्यासारख्या माणसाची प्रत्येक मंडळाला गरज आहे. वर जाणाऱ्यांची यादी, पालकांचे फोन, परतायची ठरलेली वेळ घेऊन खाली गावात बसणारा माणूस आमच्याकडे नेहमी कमी पडतो. सगळ्यांनाच वर जायचं असतं. वर फोन लागत नाही, ठरलेल्या वेळेनंतर तासभर उलटला तर कुणीतरी हालचाल करायला हवी : गावातली माणसं जमवणं, 112 ला कळवणं, 108 ची गाडी मागवणं. हे काम करणाऱ्याचं डोकं शांत हवं आणि अक्षर वाचता येईल असं हवं. प्रेसमध्ये नोटा मोजण्याची, नोंदी ठेवण्याची जी शिस्त असते ती तुमच्या अंगात मुरलेली असणार. मुलं उतरून येतील तेव्हा पातेलंभर लिंबू-सरबत तयार ठेवा, त्यात मीठ विसरू नका. मुलं तुम्हाला आजोबा म्हणतील.

प्रश्न : सिन्नर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत मी स्काऊट-गाईडचं काम बघते. 32 मुलं-मुली आहेत. शहरातल्या शाळा मनालीला शिबिरं नेतात. आमच्याकडे तंबू नाहीत, दोर नाहीत, पैसे नाहीत. मुलांना साहस कसं शिकवायचं? – एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुमचा प्रश्न वाचून 1907 ची गोष्ट आठवली. बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं तेव्हा 20 मुलं होती. काही श्रीमंत शाळांतली, काही कामकरी घरांतली, एकत्र मिसळलेली. त्यांचे छोटे संघ केले आणि प्रत्येक संघाचा म्होरक्या मुलांतलाच. त्या शिबिरातली टिकून राहिलेली गोष्ट ती, तंबू नव्हे. तुमच्या 32 मुलांचे 4 संघ होतात, संघनायक 4.

पहिल्या महिन्यात त्यांना गावाचा नकाशा काढू द्या. विहिरी, ओढे, मोठी झाडं, पायवाटा, कुठल्या घरी रात्री गाडी असते, सगळं त्यात यावं. मग होकायंत्र. एक पुरतं. मग तीन दगडांच्या चुलीवर संघाने स्वतःचा स्वयंपाक करायचा, पिठलं-भात, आणि विझवलेल्या चुलीवर हात ठेवून ती गार झाल्याचं दाखवायचं. रात्री शाळेच्या पटांगणात आकाश. शहरातली मुलं मनालीला जातात, पण त्यांच्या गच्चीवरून आकाशगंगा दिसत नाही, तुमच्या पटांगणातून दिसते.

गाठींना दोर विकत घ्यायला नको, कासऱ्यावर शिकवा. तुमच्या मुलांना त्यातल्या निम्म्या गाठी घरून येत असतील, फक्त त्यांची नावं माहीत नसतील. शिकवायची पाळी त्यांच्यावर आणा. कासऱ्यावर कुणालाही लटकवायचं मात्र नाही, हे कडक.

हिवाळ्यात पट्टा किल्ल्यावर जा. विश्रामगड म्हणतात तो हाच. 1679 मध्ये जालन्याच्या स्वारीवरून परतताना शिवाजी महाराज इथे राहिले, म्हणून ते नाव. वर ऐसपैस माथा आहे, गुहा आहेत, मुलांना पळायला जागा आहे. एसटीच्या आगारात शालेय सहलीच्या सवलतीची चौकशी करा, शिक्षण विभागाची लेखी परवानगी आधी घ्या, आणि गडाच्या पायथ्याच्या गावातला माहीतगार माणूस वाटाड्या म्हणून रोजंदारी देऊन बरोबर घ्या. जाण्याआधी तुम्ही स्वतः एकदा जाऊन या, मुलांशिवाय. पाणी कुठे आहे, सावली कुठे आहे, कुठे पाय घसरतो, हे वहीत टिपून आणा. संघनायकांना ती वही वाचायला द्या.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. माझं वजन 74 किलो आहे. मला ट्रेकला जायला आवडतं, पण मी सगळ्यांच्या शेवटी असतो. मुलं मला गार्डचा डबा म्हणतात. मी येईपर्यंत सगळे बसलेले असतात आणि मी आलो की दादा म्हणतात, चला, आले सगळे. मग मी बसतच नाही. मागच्या वेळी मी घरी आल्यावर रडलो. बारीक होईपर्यंत ट्रेक बंद करू का? – पंचवटी

उत्तर : बंद करू नकोस. तू जे लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे आणि मोठ्या माणसांच्याही लक्षात येत नाही, म्हणून इथे सगळ्यांसाठी पुन्हा लिहिते. जो हळू चालतो तो पोचतो तेव्हा बाकीच्यांची विश्रांती झालेली असते, आणि तो आला की सगळे उठतात. म्हणजे ज्याला विश्रांती सर्वांत जास्त हवी त्यालाच ती मिळत नाही. तो पुढच्या टप्प्यात आणखी दमतो, आणखी मागे पडतो. यात तुझ्या वजनापेक्षा रांग लावणाऱ्याची चूक मोठी आहे.

हे पान कापून तुझ्या ट्रेकच्या दादांना दाखव. त्यांना सांग, ताईने सांगितलंय की मला रांगेत दुसरा ठेवा, तुमच्या लगेच मागे. मग दादांना तुझ्या वेगाने चालावं लागेल आणि सगळी रांग एकत्र राहील. आणि शेवटचा मुलगा पोचल्यावर घड्याळ लावून 5 मिनिटं मोजायची, मगच उठायचं.

तू एवढं कर. चढताना पावलं छोटी टाक. शेजारच्याशी एक वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे, तो तुझा बरोबर वेग. धाप लागून शब्द तुटायला लागले की वेग कमी कर, पण बसू नकोस. तहान लागायच्या आधी घोट-घोट पाणी पी. तू पंचवटीत राहतोस, चामरलेणी जवळ आहे. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी बाबांबरोबर किंवा मित्राबरोबर तिथल्या पायऱ्या चढून ये. पहिल्या दिवशी किती वेळा थांबलास ते वहीत लिही आणि दर वेळी लिहीत जा. वजनाचा काटा बघू नकोस, थांबे मोज. उतरताना पायऱ्यांवर उडी मारू नकोस, गुडघे दुखतील.

आणि गार्डच्या डब्याबद्दल. कधी नाशिकरोड स्टेशनवर उभा राहून बघ. सिग्नल मिळाला तरी शेवटच्या डब्यातून हिरवा झेंडा हलल्याशिवाय इंजिन पुढे सरकत नाही. चामरलेणीची वही दिवाळीनंतर मला पाठव.